बॉयलर रूममधला पैलवान: जहाजावर एका पोराचं वजन कसं वाढलं आणि कसं उतरलं

शिट्टीपासून सुरू करतो, कारण सगळं प्रकरण तिथूनच लक्षात आलं.

मे महिना होता, जहाज मुंबईत डॉकयार्डला धक्क्याला लागलेलं आणि आग विझवायची ड्रिल चालू होती. पाठीवर हवेचा सिलेंडर, तोंडाला मास्क, हातात पाण्याने ताठ झालेला होज, आणि उभ्या शिडीने दोन डेक खाली उतरून अंधाऱ्या कंपार्टमेंटमधे जायचं. सिलेंडरमधली हवा कमी झाली की सेटची शिट्टी वाजायला लागते, म्हणजे आता काहीही असो, मागे फिर. त्या दिवशी बाकीच्या पोरांच्या शिट्ट्या सतरा-अठरा मिनिटांनी वाजल्या आणि ह्या एकाची बाराव्या मिनिटाला. वर आला तेव्हा मास्क काढून शिडीच्या पायथ्याशीच बसला, ओठ पांढरे पडलेले, आणि पुढची पाच मिनिटं त्याला बोलता येईना.

मी तेव्हा बॉयलर रूमचा चीफ होतो. पोरगा माझ्याच सेक्शनचा, वय चोवीस, कोल्हापूरकडचा, नेव्हीत यायच्या आधी चार वर्षं तालमीत घातलेली, त्यामुळे मेसमधे सगळे त्याला पैलवानच म्हणायचे आणि मीही इथे तेच म्हणतो. जहाजाचं नाव आणि बाकीच्यांची नावं देत नाही, त्याची गरज नाही. एवढं सांगतो की वाफेवर चालणारं फ्रिगेट होतं, साधारण सव्वाशे मीटर लांब आणि चौदा-साडेचौदा मीटर रुंद, आणि काळ म्हणजे अदनच्या आखातात चाच्यांविरुद्ध आपल्या नेव्हीची गस्त २००८ च्या ऑक्टोबरात सुरू झाली त्यानंतरची सुरुवातीची वर्षं.

ड्रिलनंतर त्याला सिक बेमधे, म्हणजे जहाजावरच्या दवाखान्यात, नेऊन काट्यावर उभा केला. ७९ किलो. चौदा महिन्यांपूर्वी जहाजावर जॉइन झाला तेव्हाचा आकडा होता ६८. म्हणजे अकरा किलो, आणि उंची १७० सेंटीमीटर. वर्षाची मेडिकल सप्टेंबरमधे होती. त्यात वजन जास्त निघालं की मेडिकल कॅटेगरी, म्हणजे फिटनेसचा दर्जा, खाली येते, आणि कॅटेगरी गेली की कोर्स अडतो, प्रमोशन अडतं, घरी कळलं की आई रडते ते वेगळंच. पण मला खरी भीती मेडिकलची नव्हती, मला भीती बाराव्या मिनिटाच्या शिट्टीची होती. जहाजावर आग लागली तर बाहेरून फायर ब्रिगेड येत नाही, जी पोरं आत आहेत तीच.

अकरा किलो आले कुठून

लोकांना वाटतं नेव्हीत आहे म्हणजे फिट असणारच. भरतीला त्या वेळी १.६ किलोमीटर सात मिनिटांत, वीस बैठका आणि दहा पुशअप्स असं होतं, ह्याने ते हसत काढलेलं. ओडिशात चिल्काला नेव्हीच्या ट्रेनिंगमधे तर पोरगा दिवसभर पळतच असतो. आणि मग तो जहाजावर येतो आणि पळणं एका दिवसात थांबतं. बंकपासून बॉयलर रूमपर्यंत पन्नास-साठ पावलं आणि तीन शिड्या, वॉचला, म्हणजे पाळीला, चार तास गेज ग्लास (बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणारी काच) आणि बर्नर बघत उभं राहायचं, परत त्याच शिड्या चढून बंक. घाम बादलीभर येतो म्हणून माणसाला वाटतं की आपण खूप मेहनत केली, पण घाम हा गरमीचा असतो, मेहनतीचा नसतो. बॉयलर रूममधे ४५ डिग्रीच्या वर पारा असतो, तिथे नुसता उभा राहिलात तरी बनियान पिळून निघतं. ही गल्लत माझ्या बऱ्याच स्टोकरांनी, म्हणजे बॉयलरवरच्या पोरांनी, आयुष्यभर केली.

त्यात हा तालमीतला. तालमीत असताना दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण सगळं पचायचं कारण पहाटे हजार बैठका व्हायच्या. जहाजावर तालीम सुटली पण तालमीची भूक तशीच राहिली. दिवस कसा जायचा बघा, सकाळी पुरी-भाजी नाहीतर अंडी-ब्रेड, दहा वाजता स्टँड ईझीला (कामातली छोटी सुट्टी) चहा आणि भजी किंवा समोसा, दुपारी भात डाळ रोटी चिकन, चार वाजता परत चहा आणि काहीतरी तळलेलं, रात्री जेवण, आणि मिडल वॉचला (रात्री १२ ते ४ ची पाळी) उतरायच्या आधी गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, उरलेल्या पुऱ्या आणि जाम. गॅलीवाल्यांना मी दोष देत नाही, दोनशेच्या वर माणसांना डुलत्या जहाजावर दिवसातून चार-पाच वेळा गरम खायला घालणं सोपं नाही, आणि समुद्रात करमणूक म्हणून खाण्याशिवाय दुसरं असतं काय.

मी वहीत हिशोब मांडून त्याला दाखवला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, अकरा किलोच्या झाल्या ८४,७००, आणि चौदा महिन्यांचे दिवस धरले सव्वाचारशे, तर रोजच्या किती जास्त झाल्या, दोनशे. फक्त दोनशे. म्हणजे एक समोसासुद्धा पुरा नाही. तो दिवसाला सात कप चहा प्यायचा, प्रत्येकात दोन चमचे साखर, तिथेच अडीचशे होत होत्या. पोरगा वहीकडे बघतच राहिला, त्याला वाटत होतं काहीतरी आजार झालाय, थायरॉईड वगैरे. आजार नव्हता, रोजचे दोनशे होते.

पण व्यायाम करायला काय झालं होतं, असं कुणीही विचारेल. एक्सओंनी, म्हणजे जहाजावरच्या नंबर दोनच्या अधिकाऱ्यांनी, हेच विचारलं होतं, आणि त्यांच्या मते इच्छाशक्ती कमी पडते. मी ह्या मताचा नव्हतो आणि आजही नाही. ज्या पोराने चार वर्षं पहाटे चारला उठून लाल मातीत अंग घुसळलंय त्याची इच्छाशक्ती जहाजावर येऊन कुठे गळून पडते? अडचण दुसरीच असते आणि ती वॉचमधे असते.

वॉचचं गणित

ज्यांनी जहाज बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवसाचे सात वॉच असतात. रात्री १२ ते ४ मिडल, ४ ते ८ मॉर्निंग, ८ ते १२ फोरनून, १२ ते ४ आफ्टरनून, मग संध्याकाळी दोन दोन तासांचे दोन डॉग वॉच, ४ ते ६ आणि ६ ते ८, आणि ८ ते १२ फर्स्ट. डॉग वॉच मुद्दाम छोटे ठेवलेत, म्हणजे एकूण संख्या विषम होते आणि कुणाच्या नशिबी रोज रात्रीचा मिडल येत नाही. तीन टोळ्या असल्या की एका टोळीचं चक्र तीन दिवसांचं होतं. पहिल्या दिवशी मिडल, आफ्टरनून आणि फर्स्ट. दुसऱ्या दिवशी फोरनून आणि लास्ट डॉग. तिसऱ्या दिवशी मॉर्निंग आणि फर्स्ट डॉग. चौथ्या दिवशी परत मिडल.

न्याय म्हणून हे चांगलंय, पण शरीराला ह्यात कुठलीच वेळ ठरलेली मिळत नाही. आज पहाटे चारला झोपायचं, उद्या रात्री बाराला, परवा आठला, आणि वॉच नसेल तेव्हा दिवसाचं काम, क्लीन शिप, ड्रिल, पाईपवर, म्हणजे जहाजाच्या लाऊडस्पीकरवर, दर अर्ध्या तासाने काहीतरी ओरडणं चालूच. झोप मोडली की भूक वाढते, आणि ती गोडाची आणि तळलेल्याची वाढते, हे कुणाही रात्रपाळीवाल्याला विचारा. आणि "रोज सकाळी सहाला व्यायाम" असं ठरवलं की तीन दिवसांतून एक दिवस तर तुम्ही सहाला बॉयलरसमोर उभे असता आणि दुसऱ्या एका दिवशी मिडल करून नुकतेच आडवे झालेले असता. दोन वेळा चुकलं की माणूस सोडून देतो. पैलवानाने असं चार वेळा सुरू करून चार वेळा सोडलं होतं.

पाण्याचंही सांगायला हवं, त्याबद्दल कुणी बोलत नाही. वाफेच्या जहाजावर गोडं पाणी आधी बॉयलरला जातं, ते सगळ्यात शुद्ध लागतं आणि सतत लागतं, माणसांचा नंबर नंतर. समुद्रात असताना आंघोळीचं पाणी ठरलेल्या वेळेलाच उघडतं. व्यायाम करून घामाने भिजलात आणि पाणी बंद, मग तसेच बंकवर पडा. आठ दिवसांत जांघेत खाज आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या. निम्मी पोरं व्यायाम ह्याच कारणाने टाळतात, फक्त लाजेने बोलत नाहीत.

सहावा दिवस

जूनच्या शेवटी आम्ही मुंबई सोडली, दोन महिन्यांची गस्त. पावसाळ्यातला अरबी समुद्र म्हणजे पहिले चार-पाच दिवस कुणी व्यायामाचं नावही काढत नाही, अर्धी मेस बादली घेऊन पडलेली असते. मी म्हटलं होतं की आखातात शिरलं की समुद्र शांत होईल, मग बघू. पण पैलवानाने वाट बघितली नाही. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की मेडिकलच्या आधी सगळे असंच करतात, जेवण बंद कर, फक्त काळा चहा आणि सफरचंद, आणि वॉचला आतून रेनकोट घाल म्हणजे पाणी उतरतं. हे खरंच चालतं, मी अनेक जहाजांवर बघितलंय, आणि मला त्याचा मनापासून राग आहे.

सहाव्या दिवशी आफ्टरनून वॉचला दीडच्या सुमारास तो गेज ग्लाससमोर उभा होता आणि बोलता बोलता वाक्य तुटलं. मी वळून बघितलं तर डोळे उघडे पण नजर कुठेच नाही, घाम थांबलेला, कातडी कोरडी आणि तापलेल्या तव्यासारखी. मी आणि अजून एकाने त्याला काखेत धरून ब्लोअरच्या हवेखाली ओढला, ओव्हरऑलची चेन उघडली तर आत पिवळा रेनकोट, तो चाकूने फाडावा लागला, अंगाला चिकटला होता. उभ्या शिडीवरून बेशुद्ध होत आलेला ७९ किलोचा माणूस दोरी बांधून वर घेणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. सिक बेमधे एमओ साहेबांनी, म्हणजे जहाजाच्या डॉक्टरांनी, ओल्या चादरी, काखेत आणि मानेला बर्फ, पंखा आणि सलाईन असं लगेच सुरू केलं. अर्ध्या तासाने त्याने मला ओळखलं आणि पहिलं काय विचारलं, तर "चीफ, वजन किती झालं?"

एमओ साहेब तरुण होते पण त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे प्रत्येक नवीन पोराला सांगत आलो. बॉयलर रूमच्या एका वॉचमधे माणसाचं दीड-दोन किलो वजन जातं, ते सगळं पाणी, आणि ते पिऊन परत भरलंच पाहिजे, तो लॉस नाहीच. घाम येणं थांबलं आणि माणूस बरळायला लागला की ते चक्कर येणं नसतं, तिथे मिनिटं मोजायची असतात. आणि उपाशी माणूस गरमी सहन करू शकत नाही.

पाच दिवस त्याला खाली उतरू दिलं नाही. त्या पाच दिवसांत आम्ही तिघांनी, एमओ साहेब, मी आणि तो, सिक बेच्या टेबलावर बसून प्लॅन केला.

काय ठरलं

व्यायाम घड्याळाला बांधायचा नाही, वॉचला बांधायचा. एवढं एकच तत्त्व होतं, बाकी सगळं त्यातून निघालं.

चक्राचा पहिला दिवस, म्हणजे मिडलचा, व्यायाम नाहीच. चारला वर यायचं, गॅलीत थांबायचं नाही, सरळ बंक, डोळ्यांवर टॉवेल, पडदा ओढलेला, आणि त्याची फोरनूनची कामं मी दुसऱ्याकडे वळवायची म्हणजे त्याला सलग तीन-चार तास मिळतील. ह्यासाठी मला डिव्हिजनल ऑफिसरांशी भांडावं लागलं नाही पण बराच वेळ बोलावं लागलं. दुसऱ्या दिवशी साडेचार ते सव्वापाच हेलो डेकवर (हेलिकॉप्टर उतरायची जागा) पळणं, कारण सहाला लास्ट डॉग. तिसऱ्या दिवशी फर्स्ट डॉग संपला की लगेच सव्वासहाला दंड-बैठका, मग पाणी उघडायच्या वेळेला आंघोळ, जेवण आणि मिडलच्या आधी चार तास झोप. तीन दिवसांत दोनदा. आठवड्याचे हिशोबाने साडेचारच्या थोडं वर झाले, आणि एकही वेळ अशी नव्हती की वॉच आडवा येईल. हेलिकॉप्टरचं फ्लाइंग असलं, अॅक्शन स्टेशन्सचा (लढाईसाठी आपापल्या जागी धावायचा) अलार्म झाला, तर तो दिवस गेला, तो भरून काढायचा नाही.

पळण्याबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथे चुका फार होतात. फ्रिगेटचा हेलो डेक म्हणजे कडेकडेने धावलात तर साठेक मीटरची एक फेरी. १.६ किलोमीटरला सत्तावीस फेऱ्या. डेक लोखंडाचा, त्याच्यावर खरखरीत रंग, मातीसारखा तो दबत नाही, सगळा मार नडगीवर येतो, आणि दर पंधरा मीटरला वळण, एकाच बाजूने वळत राहिलात की आतल्या बाजूचा गुडघा बोंबलतो. त्यात हेलिकॉप्टर बांधायच्या कड्या डेकमधे जागोजागी. म्हणून निम्म्या फेऱ्या उजवीकडून आणि निम्म्या डावीकडून, पहिला आठवडा फक्त झपाझप चालणं, आणि जहाज दहा डिग्रीच्या वर डुलत असेल तर अजिबात नाही. त्याने मधेच एकदा उत्साहात चाळीस फेऱ्या मारल्या आणि पुढचे सहा दिवस नडगी धरून बसला. दोरीवरच्या उड्याही करून बघितल्या, पण खालच्या मेसमधे मिडल करून झोपलेली पोरं वर आली आणि ते बंद झालं, ती पोरं बरोबर होती.

जिम म्हणून आमच्याकडे मागच्या बाजूला एक छोटी जागा होती, बेंच, थोडी वजनं, एक सायकल. डुलत्या जहाजावर डोक्यावर बार घेणं म्हणजे अपघाताला बोलावणं, एकदा लॅशिंग सुटलेली वीस किलोची प्लेट रात्रभर ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर सरकत होती, तिने सायकलचं पेडल तोडलं. म्हणून मी त्याला म्हटलं, "अरे पैलवान, तुझ्याकडे तर ह्याच्यापेक्षा चांगलं आहे की." दंड, बैठका, सूर्यनमस्कार. सूर्यनमस्काराला सहा फूट बाय अडीच फूट लागतं, मेसच्या दोन बंकांच्या मधली जागा बरोबर तेवढीच. दंडाला जहाज डुललं तरी हात-पाय चारही जमिनीला असतात म्हणून पडायची भीती नाही, उलट डुलण्यामुळे पोट आणि कंबर सतत काम करतात. वीस दंड, चाळीस बैठका, असे पाच फेरे, पंचवीस मिनिटं. पहिल्या दिवशी तिसऱ्या फेऱ्याला थांबला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, हजार बैठका मारणारा माणूस तो. मी काही बोललो नाही, शेजारी बसून राहिलो.

हे शोध आमचे नव्हेत, जगभरच्या नेव्ह्या त्याच अडचणीतून गेल्यात. अमेरिकन नेव्हीने पुढे आपल्या फिटनेस टेस्टमधून सिट-अप्स काढून प्लँक आणला आणि रोइंग मशीनवर दोन किलोमीटरचा पर्यायही दिला. आणि झोपेचं त्यांना फार महाग पडून कळलं, २०१७ साली जूनमधे त्यांची फिट्झगेराल्ड आणि ऑगस्टमधे मॅकेन ही दोन जहाजं व्यापारी जहाजांना धडकली, १७ खलाशी गेले, आणि तपासात थकवा आणि अपुरी झोप हा मुद्दा वर आला. त्यानंतर त्यांनी रोज त्याच ठरलेल्या वेळेला वॉच देण्यावर जोर दिला. आमचं प्रकरण ह्याच्या कितीतरी आधीचं, पण ते वाचलं तेव्हा मला आमचं सिक बेचं टेबल आठवलं.

खाण्यात तीनच गोष्टी बदलल्या. चहा सात कपांवरून तीनवर, एक चमचा साखर. मिडलच्या आधी पुरी-जाम बंद, त्याऐवजी दोन उकडलेली अंडी, कुक स्वतःहून बाजूला ठेवायला लागला. आणि मोड आलेली मटकी. समुद्रात दहा-बारा दिवसांत हिरवी भाजी संपते, मग बटाटा, कांदा, कोबी आणि डबे. पैलवानाच्या आईने दोन किलो मटकी बांधून दिली होती ती तशीच लॉकरमधे पडलेली. भिजवून ओल्या फडक्यात बांधली आणि गरमीत मोड लवकर येतील म्हणून बॉयलर रूमच्या वर टांगली, तर दुसऱ्या दिवशी आंबून वास सुटलेला. मग मेसमधे एसीच्या व्हेंटपासून हातभर लांब टांगली आणि दीड दिवसात बोटाच्या पेराएवढे पांढरे मोड. कांदा, मीठ, लिंबू. पंधराव्या दिवसापासून जहाजावर ताजं असं काही हिरवं-पांढरं फक्त आमच्या मेसमधे होतं, पंजाबी आणि तमिळ पोरंही वाटी घेऊन यायला लागली, दोन किलो किती दिवस पुरणार, नंतर कुकने मूग काढून दिले.

जेवण त्याने कमी केलं नाही, हे मुद्दाम सांगतो. दुपारचं जेवण पोटभर.

दोरीच्या गाठी

वजन मोजायची एक गंमत, ज्याला अनुभव नाही त्याला पटत नाही. समुद्रात काटा खोटं बोलतो. जहाज लाटेच्या तळाशी असताना माणूस जड आणि माथ्यावर असताना हलका, काटा ७४ आणि ८१ च्या मधे नाचत राहतो. म्हणून आम्ही कॉडलाईनचा एक तुकडा घेतला, बारीक दोरी असते ती, आणि बेंबीवरून गुंडाळून जिथे टोक येईल तिथे गाठ मारली. दर रविवारी नवीन गाठ. ती दोरी त्याच्या बंकच्या पाईपला लटकलेली असायची. पहिले दोन रविवार गाठ जागच्या जागी. तो खचला होता, मला म्हणाला, "चीफ, काही होत नाहीये." मी म्हटलं झोप कशी आहे, तर म्हणाला झोप लागते आता. मी म्हटलं मग होईल. तिसऱ्या रविवारी नवी गाठ जुन्या गाठीच्या आत पडली, अर्ध्या बोटाने.

गस्तीचा पट्टा म्हणजे व्यापारी जहाजांसाठी आखलेली वाट, ४९० सागरी मैल लांब, तिच्यातून ताफे घेऊन जायचं आणि परत यायचं, दिवस एकसारखे. मधे इंधन आणि रेशनसाठी ओमानच्या सलाला बंदरात. जुलैत सलालाला पावसाळा असतो, डोंगर हिरवे आणि धुकं, आणि तिथले लोक त्या मोसमाला खरीफ म्हणतात, आपला खरीप तोच शब्द. एवढ्या वाळवंटी मुलखात तो भुरभुर पाऊस बघून मी, मालवणचा माणूस, धक्क्यावर दहा मिनिटं नुसता उभा राहिलो होतो. तिथे जेटीवर १.६ किलोमीटर मोजून पैलवानाला पळवला, पहिल्यांदा ९ मिनिटं ४० सेकंद. वीस दिवसांनी दुसऱ्यांदा बंदरात गेलो तेव्हा ८ मिनिटं २०. लाटा नाहीत म्हणून काट्यावरही उभा केला, ७५.५.

ऑगस्टच्या शेवटी मुंबईला लागलो तेव्हा ७३.५ किलो, दोरीवर पहिल्या आणि शेवटच्या गाठीत तीन बोटांचं अंतर. ६८ झालं नाही आणि ते व्हावं अशी एमओ साहेबांचीही अपेक्षा नव्हती. मेडिकल निघाली, वजन जरा जास्त म्हणून तोंडी समज मिळाली पण कॅटेगरी शाबूत राहिली. मग तो महिनाभर सुट्टीवर गावी गेला, आईच्या हातचं, पाहुणे, दोन लग्नं, आणि दोन किलो घेऊन आला. त्याला स्वतःला फार अपराधी वाटत होतं, मला अजिबात वाटलं नाही, सुट्टी असते कशासाठी. जहाजावर परत चक्र सुरू झालं आणि दिवाळीपर्यंत ते दोन गेले, वर अजून दीड गेला.

सगळंच जमलं असं नाही. खाजेचा त्रास शेवटपर्यंत राहिला, फक्त कोरड्या सुती चड्ड्या आणि पावडरने आटोक्यात होता. धक्क्याला असताना लिबर्टीला बाहेर पडला की वडापाव आणि कटिंग सुटला नाही. आणि मी पुढच्या वर्षी बदली होऊन गेलो तेव्हा त्याच्या वॉचची कामं वळवणारा कुणी राहील का ह्याची मला काळजी होती, कारण हे एकट्या पोराच्या जोरावर होत नाही, वरचा माणूस अर्धा तास इकडचा तिकडे करायला तयार असावा लागतो. त्याच जहाजावर दुसऱ्या सेक्शनमधे अशीच तीन पोरं होती, त्यांच्या चीफला हे लाड वाटले, त्या तिघांपैकी दोघांची कॅटेगरी त्या वर्षी गेली.

डिसेंबरमधे परत आगीची ड्रिल झाली. तोच सेट, तीच शिडी, तोच होज, दोन डेक खाली. मी वर हॅचपाशी घड्याळ घेऊन उभा होतो. बाराव्या मिनिटाला माझं लक्ष आपोआप खाली गेलं, शिट्टी नाही. पंधरा, नाही. एकाची वाजली पण ती दुसऱ्याची होती, सतराव्या मिनिटाला. पैलवानाची वाजली तेव्हा एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद झाली होती, आणि तो वर आला तो मागच्या पोराचा होज खांद्यावर घेऊन. मास्क काढला, चेहरा लाल, ओठ नीट. "किती?" म्हणाला. मी वही उघडून दाखवली.